स्पीकर घेताना वॅटला भुलू नका



सुगी उरकली की गावोगावी भजनाला रंग चढतो. मंडळाची वर्गणी जमते आणि देवळासाठी स्पीकर घ्यायचे ठरते. गावात सुतार असतोच, रेडिओ दुरुस्त करणारा एखादा हौशी मुलगाही असतो. मग ‘पेटी आपणच बनवू, आतला स्पीकर तेवढा तालुक्याहून आणू’ असा विचार पुढे येतो. विचार चांगला आहे. पण दुकानात ‘५०० वॅट’ अशी चिठ्ठी पाहून भुललात, तर वर्गणीही जाईल आणि मागे बसलेल्या आजीबाईंना अभंगाचा शब्दही कळणार नाही.

स्पीकरवरचे वॅट म्हणजे तो किती वीज सोसेल त्याचा आकडा. तो किती मोठ्याने वाजेल, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी दुकानदाराला दुसरा आकडा विचारा : १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल? समजा, एकाचा आकडा ८४ आणि दुसऱ्याचा ९० आहे. फरक सहाचाच दिसतो. पण दर ३ डेसिबलला वीज दुप्पट लागते. म्हणजे ९० वाला जो आवाज १० वॅटमध्ये देतो, त्यासाठी ८४ वाल्याला ४० वॅट लागतील. लाइट गेल्यावर बॅटरीवर भजन चालवायचे असेल, तर हा फरक चांगलाच जाणवतो.

मग सगळ्यांनी ९० वालाच का घेऊ नये? खरी मेख येथेच आहे. तेवढ्याच अश्वशक्तीचा पंप पाणी उंच चढवील तर कमी देईल आणि जास्त देईल तर उंच चढवणार नाही, हे आपण जाणताच. स्पीकरचेही तसेच. खोल नाद, लहान पेटी आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन धरल्या, की तिसरी सोडावी लागते. अमेरिकेतील केएलएच या स्पीकर कंपनीचे एक संस्थापक अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. लहान पेटीतून खोल नाद हवा, तर स्पीकरचा कोन जड ठेवावा लागतो आणि जड कोन हलवायला वीज जास्त खर्च होते. हलका कोन थोड्या विजेत मोठ्याने बोलतो. पण त्याच्याकडून खोल नाद काढायचा, तर पेटी मोठी हवी.

पेटी तरी कशाला, असे कोणी विचारील. कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते, त्याच वेळी मागची विरळ होते. दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या, तर पखवाजाचा घुमारा एकमेकांत जिरून जातो. माठाच्या तोंडावर स्पीकर बसवला की तो भरदार वाजतो, त्याचे कारण हेच.

आता आकाराचे पाहू. ८ इंची कोन पखवाज आणि पुरुषी आवाज चांगला पेलतो. पण टाळांची किणकिण तो बॅटरीच्या झोतासारखी फक्त समोर फेकतो, बाजूला बसलेल्यांना ती मंद ऐकू येते. म्हणून सोबत लहान ट्वीटर लावतात. त्याच्या एका तारेत ४.७ मायक्रोफॅरडचा, उलटसुलट कसाही चालणारा कपॅसिटर घालावा. ट्वीटर ८ ओहमचा असेल, तर सुमारे ४२०० हर्ट्झच्या खालचा आवाज त्यामुळे कमी होत जातो आणि नाजूक ट्वीटर वाचतो. खर्च वाढतो खरा, पण टाळ सगळ्यांना ऐकू येतात.

ओहमकडेही लक्ष द्या. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार ४ ओहम होतो, एकामागे एक जोडले तर १६. अँप्लिफायरवर ४ लिहिले असेल, तर त्याखाली जाऊ नका; तो तापून जळण्याची भीती असते. तसेच दोन्ही स्पीकरच्या तारा सारख्याच जोडा. खूण नसेल, तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहा. कोन पुढे आला, तर सेलची धन बाजू जेथे लागली ती तार धन. एक स्पीकर उलटा लागला, तर खोल नाद नाहीसा होतो.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा : ऐकणार किती जण, वीज कोठून येणार आणि पेटी ठेवायला जागा किती? देवळात जागा असेल, तर ९० डेसिबलच्या आसपासचा ८ इंची स्पीकर घेऊन पेटी ऐसपैस करा. घरच्या खोलीत रेडिओ ऐकायला मात्र लहान पेटीतला ४ इंची स्पीकरही पुरतो.

पेटी तयार झाली, की एक पारख करा. आवाज बेताचा ठेवा आणि सर्वांत मागे बसणाऱ्या आजीबाईंना विचारा, “शब्द कळतात का?” त्या ‘हो’ म्हणाल्या, की वर्गणी सत्कारणी लागली.