आडवाटेचे अर्थशास्त्र : बडोदा ते जांबुघोडा, सायकलीवरून

पायी चालणाऱ्याला दिवसाकाठी वीस-पंचवीस किलोमीटर पुरे होतात, आणि मोटारीत बसणाऱ्याला शंभर किलोमीटरांत काहीच दिसत नाही. या दोघांच्या मधले वाहन म्हणजे सायकल. तिचा वेग असा की पळसाचे झाड ओळखता येते, माणसाशी बोलता येते आणि तरीही संध्याकाळपर्यंत पुढचा तालुका गाठता येतो. अट एकच. रस्ता शांत हवा. मागून ट्रकचा भोंगा वाजत असेल तर पुढचे जंगल कितीही सुंदर असले तरी डोळ्यांना ते दिसत नाही.

आपल्या बेळगाव भागातील वाचकांना आंबोली आणि चोर्ला घाट नवे नाहीत. आपण ज्याला चढण म्हणतो आणि आमचे कन्नड मित्र ‘एरु’ म्हणतात, ती कशी दम काढते हे त्यांना सांगायला नको. पण सह्याद्रीपासून दूर, गुजरातच्या पूर्व कडेलाही डोंगर-जंगलाचा एक पट्टा आहे, आणि तो सयाजीरावांच्या बडोद्यापासून सायकलीच्या टप्प्यात आहे. गेल्या हिवाळ्यात मी दोन महिने बडोद्याला दांडिया बाजारात मावशीकडे होते. मावसभाऊ आणि मावसबहीण यांच्याबरोबर तीन वेळा या पट्ट्यात सायकलीने जाणे झाले. तेथील वाटांची माहिती द्यावी, आणि वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी या नात्याने, काही रस्ते शांत का राहतात याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

वाट कोणती?

बडोदे सपाटीवर आहे. शहराच्या ईशान्येला सुमारे चाळीस किलोमीटरवर हालोल आणि त्याला लागून पावागड. सुमारे आठशे मीटर उंचीचा हा डोंगर मैदानात एकदम उभा राहतो, म्हणून फार लांबून दिसतो. त्याच्या पलीकडे शिवराजपूर आणि जांबुघोडा. येथे टेकड्या एकमेकींत मिसळतात आणि साग, मोह, टेंभुर्णी, बांबू यांचे जंगल सुरू होते. सुमारे 130 चौरस किलोमीटरचे जांबुघोडा अभयारण्य 1990 साली जाहीर झाले. बिबट्या आणि अस्वल हे त्याचे मुख्य रहिवासी.

बडोद्याहून हालोलला जाणारा सरळ रस्ता चौपदरी आहे. वेगाच्या वाहनांना तो उत्तम, सायकलीला नाही. म्हणून आम्ही पहाटे आजव्याच्या रस्त्याने निघत असू. आजव्याचा तलाव म्हणजेच सयाजी सरोवर. 1890 च्या सुमारास पुरा झालेला हा तलाव आजही शहराला पाणी पाजतो. तेथून गावागावांतून विचारत जरोदपर्यंत जावे आणि उरलेला थोडा पल्ला मुख्य रस्त्याच्या कडेने काटावा. हालोल मागे पडले की पायाशी चांपानेर लागते. पावागडावर माचीपर्यंत डांबरी रस्ता आहे, पण रविवारी, पौर्णिमेला आणि नवरात्रात तिकडे सायकल नेऊ नये. कालिकामातेच्या दर्शनाला येणाऱ्यांची दाटी असते. गड पाहायचाच असेल तर सायकल खाली कुलूप लावून ठेवावी.

खरी वाट चांपानेरनंतर सुरू होते. शिवराजपूरवरून जांबुघोड्यापर्यंतचा पंचवीसएक किलोमीटरचा रस्ता जंगलातून वर-खाली होत जातो. आपल्या घाटासारखी सलग चढण येथे नाही. छोटे चढ, छोटे उतार, मध्येच शेताचा तुकडा, मातीच्या भिंतींची घरे, पुन्हा झाडी. जांबुघोड्याजवळ कडा आणि तारगोळ येथे धरणांची पाणी आहेत. आत जंगलात झंड हनुमानाचे देऊळ आहे. शनिवार सोडून गेलात तर त्या वाटेवर पक्ष्यांखेरीज कोणी बोलत नाही. जांबुघोड्याहून दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर बोडेली. तेथून डभोईमार्गे बडोद्याला सुमारे सत्तर किलोमीटर भरतात. पाय दमले असतील तर बोडेलीहून बडोद्याच्या प्रतापनगर स्थानकाकडे रेल्वे आहे. सायकल नेण्याविषयी स्थानकावर आधी विचारून घ्यावे. पूर्वेला छोटा उदेपूरपर्यंत गेलात तर राठवा आदिवासींच्या घरांच्या भिंतींवर पिठोऱ्याचे घोडे पाहायला मिळतात. मात्र ती शोभेची चित्रे नव्हेत. ती देवाची मांडणी असते. म्हणून घरमालकाला विचारल्यावाचून आत जाऊ नये.

रस्ता शांत का होतो?

रस्ता शांत असतो तो निसर्गामुळे, असे आपल्याला वाटते. हिशेब मांडला तर उत्तर वेगळे येते. रस्त्यावरून माल आणि माणसे जातात ती काही कारणाने. ते कारण उठले की रस्ता शांत होतो. जांबुघोड्याच्या वाटेवर याची तीन उदाहरणे ओळीने भेटतात.

पहिले चांपानेर. महमूद बेगड्याने 1484 साली पावागड जिंकला आणि खाली राजधानी वसवली. मशिदी, तट, विहिरी बांधल्या. 1535 मध्ये हुमायूनने ते शहर घेतले, सत्तेचे केंद्र अहमदाबादकडे गेले आणि काही दशकांतच शहरावर रान चढले. 2004 साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा ठरवले. एकेकाळी जेथे बाजार भरत होता तेथे आज आपण सायकल झाडाला टेकवून डबा सोडतो.

दुसरे शिवराजपूर. येथे मँगनीजच्या खाणी होत्या. त्यांच्यासाठी चांपानेर रोडपासून शिवराजपूर आणि पाणी माइन्सपर्यंत खास अरुंद रुळांची रेल्वे घातली होती. खाणी थंडावल्या, रेल्वे बंद झाली. मालाची ने-आण थांबली, तसा रस्ताही निवांत झाला.

तिसरे उदाहरण आपल्या अभ्यासक्रमात शोभेल असे आहे. बडोदा-हालोल हा चौपदरी टोलरस्ता 2000 साली सुरू झाला. खाजगी भांडवलावर बांधलेल्या देशातील पहिल्या काही रस्त्यांत तो मोडतो. अंदाजापेक्षा वाहने कमी आल्याने सुरुवातीच्या वर्षांत कंपनीला कर्जाची फेरमांडणी करावी लागली. कारण साधे होते. टोल चुकवणारा आडवाट शोधतो. पण ज्याला वेळ वाचवायचा आहे तो मोठ्या रस्त्यावरच जातो, आणि त्यामुळे आजूबाजूच्या गावरस्त्यांवर सायकलीला जागा उरते. म्हणजे मोठा रस्ता हा सायकलस्वाराचा शत्रू नव्हे. तो जड वाहने स्वतःकडे ओढून घेतो. याच्या उलट डभोईहून केवडियाकडे जाणारा रस्ता पाहा. 2018 साली सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला आणि प्रवाशांची रीघ लागली. म्हणून नकाशा वाचताना नियम असा : दोन गावांना जोडणारा मोठा रस्ता जवळून जात असेल, तर त्याला समांतर असलेला जुना, वळणावळणाचा रस्ता निवडावा.

तयारी

साध्या सायकलीला पुढे 44 दात्यांचे चेनव्हील आणि मागे 18 दात्यांचे फ्रीव्हील असेल, तर पायडल एकदा फिरले की मागचे चाक 2.44 वेळा फिरते आणि सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाटीवर हे ठीक, चढावर जड. कोणत्याही सायकलच्या दुकानात 22 दात्यांचे फ्रीव्हील बसवून मिळते. मग तोच फेरा सुमारे साडेचार मीटरचा होतो. वेग घटतो, पण गुडघे वाचतात. गिअरच्या महागड्या सायकलीवाचून अडत नाही.

चढाला घाबरणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. माणूस आणि सायकल मिळून 75 किलो वजन शंभर मीटर उंच न्यायला शरीराला सुमारे 70 कॅलरी लागतात. एवढे बळ एका पोळीत असते! खरे दमवतात ते ऊन, कमी पाणी आणि समोरचा वारा. हिवाळ्यात तिकडे वारा बहुधा उत्तर-ईशान्येकडून वाहतो. तेव्हा जाताना तो समोरून आणि परतताना पाठीशी असतो. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो आणि पाठोपाठ मोहाची फुले गळू लागतात. ही फुले अस्वलांना फार आवडतात, आणि ती वेचायला गावकरीही पहाटेच बाहेर पडतात. म्हणून अभयारण्यातला रस्ता सूर्योदयानंतर सुरू करावा आणि दिवस मावळण्याआधी संपवावा. मुख्य रस्ता सोडून आत जायचे किंवा मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी घ्यावी. पंक्चरचे सामान, पंप, ब्रेकचे जादा रबर आणि दोन बाटल्या पाणी जवळ असावे.

शांततेची किंमत

आता मनातली गोष्ट. शिवराजपूरच्या पुढे रस्त्याकडेला एक चहाची टपरी आहे. तिथल्या बेन आम्हाला गरम भजी देताना म्हणाल्या, “बेटा, गाड्या खूप जातात, पण थांबत नाहीत. तुम्ही थांबता.” गावात काम किती मिळते, असे मावसबहिणीने विचारले. पावसाळ्याचे पीक निघाले की घरातले तरुण बांधकामावर बडोदे-सुरतेकडे जातात, होळीला परततात, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण आम्ही ज्याला शांतता म्हणत होतो ती मला तेव्हा वेगळी दिसली. रस्त्यावर गर्दी नाही याचा एक अर्थ गावात रोजगार नाही असाही होतो. आपण शांततेचे कौतुक करतो, आणि ज्यांना ती रोज पुरते ते होळीची वाट पाहतात.

मग आपण जाऊ नये काय? मला तसे वाटत नाही. मोटारीतला प्रवासी डबे, पाण्याच्या बाटल्या शहरातून भरून आणतो आणि तासाभरात निघून जातो. सायकलस्वार ताशी पंधरा किलोमीटर चालतो. त्याला दर दीड तासाला काही खावेच लागते, आणि ते गावातच घ्यावे लागते. आमच्या तिसऱ्या फेरीत आम्ही घरून फक्त पाणी घेतले. चहा, भजी, दुपारची मक्याची रोटी आणि उडदाची डाळ, पंक्चरचे पैसे, हे सगळे वाटेवर खर्च केले. रक्कम लहान होती, पण ती हालोलच्या पलीकडे राहिली. असे पाहुणे आठवड्याला दहा-वीस आले तर टपरीला आधार मिळतो आणि रस्त्याची शांतताही मोडत नाही. गावाला पोसणारी आणि तरी जंगलाला न दुखवणारी अशी वाहतूक शोधायची झाली, तर सायकल तिच्या फार जवळ येते.

विद्यार्थीमित्रहो, कोणी बडोद्याला नातेवाइकांकडे गेलात तर हा पल्ला अवश्य करून पाहा. आणि तेवढे जमले नाही, तर आपल्याकडच्या मोठ्या रस्त्यांना समांतर असलेल्या जुन्या वाटा नकाशावर शोधा. चंदगड-खानापूरच्या बाजूला त्या पुष्कळ आहेत. निघताना घरून शिदोरी थोडी कमी घ्या. उरलेली भूक वाटेवरच्या गावासाठी राखून ठेवा.