टस्कनी : टेकडीवरची गावं कशी बघावीत?

टस्कनी म्हटलं की कॅलेंडरवरचा तो फोटो आठवतो. हिरव्या टेकड्या, सरूच्या झाडांची रांग आणि वर एक दगडी गाव. कॉन्व्हेंटमध्ये 'रेनेसान्स' मी परीक्षेपुरताच पाठ केला होता. गेल्या मे महिन्यात आई-बाबांबरोबर इटलीत फिरले तेव्हा मात्र एकच प्रश्न डोक्यात होता : ही सगळी गावं माथ्यावरच का?

कारणं मुख्यतः दोन. वरून शत्रू लांबूनच दिसतो. शिवाय खालची जमीन पूर्वी बऱ्याच ठिकाणी दलदलीची, म्हणजे मलेरियाचं घरच. पण उंचावर राहायचं तर त्याची किंमतही मोजावी लागते.

सिएनाचंच बघा. जवळ मोठी नदी नाही. म्हणून मध्ययुगात लोकांनी शहराखाली 'बोत्तिनी' नावाचे बोगदे खोदले, सुमारे 25 किलोमीटर! पंप वगैरे काही नाही, फक्त हलका उतार. मुख्य चौकातल्या 'फोन्ते गाया' कारंज्याला आजही त्यातूनच पाणी येतं. आधी बुकिंग केलं तर काही बोगदे आतून बघता येतात.

सान जिमिन्यानोमध्ये श्रीमंत घराण्यांची उंचीसाठी चढाओढ लागली होती. एकेकाळी तिथे सुमारे 72 मनोरे होते, आता 14 उरलेत. सगळ्यांत उंच 'तोर्रे ग्रोस्सा' 54 मीटरचा. वर चढाच, गुडघे दुखतील पण पैसे वसूल.

सिव्हिलवाल्यांनी पिएन्झा चुकवू नये. पोप पायस दुसरे यांनी आपलं जन्मगाव 1459 ते 1462 या काळात आर्किटेक्ट रोस्सेलिनोकडून नव्याने बांधून घेतलं. पोपना चर्चमध्ये भरपूर उजेड हवा होता, म्हणून चर्चची मागची बाजू थेट दरीच्या कडेला नेली. उजेड मिळाला, पण खालची जमीन सरकते. तो भाग शतकानुशतकं खचतोय. आत गेलात की भिंतींवरच्या भेगा आणि मागे उतरती झालेली फरशी नीट बघा. सॉईल मेकॅनिक्सचं अख्खं लेक्चर तिथे पाच मिनिटांत कळतं.

आता थोडं प्रॅक्टिकल. फ्लॉरेन्सहून सिएनाला बस सोयीची. पिएन्झाकडे बस कमी, चौघं असाल तर गाडी भाड्याने घ्या. पण 'झेडटीएल' अशी पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड मागाहून घरी येतो. गाडी कोटाबाहेर लावून चालत जायचं.

फोटो काय, सगळेच काढतात. तुम्ही गेलात तर प्रत्येक गावात दोन गोष्टी विचारा : पाणी कुठून येतं आणि पाया कशावर आहे? ट्रिप दुप्पट मजेची होईल, गॅरंटी!