तीन एकर धान, आजारी लेकरू आणि आपली चळवळ

खेड्यातून माझ्याकडे येणाऱ्या आयाबहिणींच्या हातात बहुतेक वेळा प्लॅस्टिकची एक पिशवी असते. घरातले सगळे कागद त्या पिशवीत. गेल्या वर्षी जूनमध्ये भंडारा जिल्ह्यातल्या एका गावाहून एक ताई आल्या आणि त्यांनी आपली पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. सासऱ्याच्या नावाचा सातबारा, रेशनकार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, सोसायटीची नोटीस आणि या सगळ्यात मिसळून गेलेले मुलाच्या रक्ताचे रिपोर्ट. वकिलाच्या सवयीप्रमाणे मी जमिनीचे कागद एकीकडे आणि दवाखान्याचे दुसरीकडे लावू लागलो. ताई म्हणाल्या, "वकीलसाहेब, वेगळे नोका करू. एकच गोठ आहे ते."

त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. पूर्व विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमध्ये अशा ताई गावोगाव आहेत. ज्याला वाटेल त्याने आपल्या गावातले नाव घालून वाचावे.

सासरा दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहातला माणूस. ६ डिसेंबर १९६४ रोजी देशभर सुरू झालेल्या त्या लढ्यात लाखो लोकांनी तुरुंग भरले, त्यात हा विशी ओलांडलेला पोरगा होता. पुढे कित्येक वर्षे तहसिलीच्या पायऱ्या झिजवून त्याला तीन एकर सरकारी जमिनीचा पट्टा मिळाला. तो २०११ साली गेला. त्याचा मुलगा, म्हणजे ताईंचा नवरा, २०१९ साली गेला. घरात आता गुडघ्यांनी अधू झालेली सासू, सोळा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा. मुलाला सिकलसेल आहे, वाहक नव्हे, पूर्ण आजार. धानाच्या बांध्या, दोन शेळ्या, सात-आठ कोंबड्या आणि घरामागची सांदवाडी, एवढा संसार. सांदवाडीत वांगी, वाल, भेंडी आणि कुंपणाला लावलेले दोडके. हंगामात लोकांच्या बांधीत गुत्त्याने रोवणी करायची आणि उरल्या वेळात स्वतःची.

रोवणी ज्यांनी केली आहे त्यांना सांगायला नको. आषाढात पोटरीभर गार पाण्यात, कंबरेत वाकून, डोक्यावर पाऊस घेत दिवसभर मागे मागे सरकायचे. सिकलसेलच्या माणसाला डॉक्टर काय सांगतात? थंडीत भिजू नका, फार कष्ट करू नका, उन्हात तहानलेले राहू नका, पाणी भरपूर प्या. म्हणजे धानाच्या शेतीत जे जे करावे लागते ते ते करू नका! ताईंचा मुलगा शहाणा आहे, आईची ओढाताण त्याला दिसते. त्या जुलैत तो कुणालाही न विचारता बांधीत उतरला आणि पऱ्ह्याच्या पेंढ्या वाहू लागला. दुपारपर्यंत खूश होता. रात्री एक वाजता हातपाय आणि पाठ धरून ओरडायला लागला. गावातल्या डॉक्टराने वात म्हणून सलाइन लावले. सकाळी ऑटो करून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले तेव्हा रक्त चढवावे लागले. सहा दिवस मायलेक तिकडे. इकडे पऱ्हे पिवळे पडले, तीन बांध्या पडीक राहिल्या आणि एक शेळी विकली गेली.

"मी दवाखान्यात गेली तं बांधी राह्यते, बांधीत गेली तं पोरगा राह्यते. सांगा, काय सोडू?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला. मी एल.एल.बी. शिकलो. कलमे तोंडपाठ आहेत. याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नव्हते.

वाचकहो, सिकलसेल हा आपला घरचा आजार आहे, हे आपण अजून नीट कबूल केलेले नाही. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच वर्षांनी, १९५८ साली, नागपुरातल्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापला. तेव्हापासून विदर्भातल्या आदिवासी समाजाबरोबर पूर्वाश्रमीच्या महार समाजात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे, हे वैद्यकाला ठाऊक आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून केंद्र सरकारने राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. २०४७ पर्यंतचे लक्ष्य ठेवले. चांगली गोष्ट आहे. पण त्या अभियानाची सारी भाषा आदिवासी भागाची आहे. बौद्ध वस्तीत तपासणीची गाडी यावी म्हणून बोलायचे कोणी? आरक्षणाच्या टक्क्यासाठी आपण मोर्चा काढतो, आणि काढलाच पाहिजे. रक्ताच्या तपासणीसाठी निघालेला मोर्चा मी अजून पाहिलेला नाही.

आणि दुसऱ्यांना बोल लावण्याआधी माझे ऐका. माझी मोठी बहीण मी दहा वर्षांचा असताना गेली. तिचे डोळे पिवळे असत, सांधे सुजत, पोट डाव्या बाजूने फुगत असे. वस्तीत तिला 'वाताची पोरगी' म्हणत. कोणी मांत्रिक सुचवला. आई म्हणाली, आम्ही बुद्धाचे झालो, मांत्रिकाकडे जाणार नाही, आणि गेली नाही. पण ज्या डॉक्टराकडे गेली त्यानेही रक्त तपासले नाही. पुढे मी वकील झालो, सभा गाजवल्या, विज्ञाननिष्ठ धम्मावर तासतासभर बोललो आणि स्वतःचे रक्त तपासले ते अडतिसाव्या वर्षी, तेही मुलीच्या कॉलेजात शिबिर लागले म्हणून. मी वाहक निघालो. माझी पत्नी वाहक नाही हा निव्वळ योगायोग. लग्नाच्या वेळी आम्ही दोन्हीकडच्या पत्रिका पाहिल्या नाहीत याचा मला केवढा अभिमान होता! पाहायचा होता तो कागद मात्र दोन्ही घरांत कुणाला सुचला नव्हता.

हिशेब साधा आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली असे होत नाही, प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. एकच वाहक असेल तर आजारी मूल होत नाही. वाहक माणूस सहसा धडधाकट असतो, कष्ट करतो, म्हातारा होतो. असे असताना ताईंच्या मुलीसाठी वर्षभरापूर्वी आलेले स्थळ काय म्हणून परत गेले? पोरगी वाहक आहे म्हणून. मुलाकडच्यांनी आपल्या मुलाचे रक्त तपासलेच नव्हते! (मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. या वयात स्थळ पाहणे हाच मुळात गुन्हेगारीचा रस्ता आहे, हे मी ताईंना त्याच दिवशी स्पष्ट सांगितले. त्यांनी मान खाली घातली. आता ती बारावी करणार आहे.) रक्ताच्या रिपोर्टावरून मुलीला नाकारणे आणि मुलाला सूट देणे ही नवी अस्पृश्यता आपल्याच घरात शिरते आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिप्रथेच्या उच्छेदावर लिहिताना आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय सांगितला. आपण अजून पोटजात आणि जिल्हा पाहून सोयरीक जुळवतो. त्याच त्या मोजक्या घरांत फिरणाऱ्या सोयरिकींत वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता वाढते, हे डॉक्टर सांगतात.

औषध आहे. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी दुखण्याचे झटके पुष्कळ कमी होतात, मात्र त्या डॉक्टरांच्या देखरेखीत आणि वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यायच्या. लहान मुलांना लसी आणि जंतुसंसर्ग टाळणारे औषध द्यावे लागते. ताप आला तर अंगारा-धुपारा किंवा 'उद्या पाहू' नाही, त्याच दिवशी दवाखाना. ताईंच्या मुलाच्या गोळ्या मध्ये चार महिने बंद होत्या. का? तर नेमकी कापणी आणि चुरणे सुरू असताना दवाखान्याची तारीख होती आणि पुढची तारीख कुणी सांगितली नाही. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीच्या साध्या गाडीत प्रवास मोफत आहे, हे या माउलीला तीन वर्षे ठाऊक नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल हा दिव्यांगत्वाचा प्रकार म्हणून आला आहे, हेही नाही. प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांचे असेल तर पुढची दारे उघडतात.

आता जमीन. सातबारा अजून मेलेल्या सासऱ्याच्या नावावर. धान आधारभूत केंद्रावर विकायचे तर सातबारा आणि बँकेचे खाते लागते. घरातला कर्ता म्हणून दीर सगळे धान आपल्या खात्यावर विकतो आणि वहिनीच्या हातावर देईल ते देतो. पेरायचे तिने, बोनस त्याचा. ही तक्रार महिन्यातून चार वेळा माझ्या कानी येते. आपण धर्माने बौद्ध असलो तरी वारसाहक्काला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो, तो कायदाच तसे सांगतो. सासऱ्याने स्वतः मिळवलेल्या त्या तीन एकरांत सासू, दीर, नणंद आणि ताईंचा नवरा असे चार वारस. नवऱ्याचा हिस्सा तीस गुंठ्यांचा, आणि त्यातही ताई, दोन मुले आणि सासू. गुंठे थोडेच येतात हे मी ताईंपासून लपवले नाही. पण सातबारावर नाव आले की धान स्वतःच्या खात्यावर विकता येते, पीककर्ज मागता येते, नुकसानभरपाई आपल्या नावाने येते आणि दिराला परस्पर इसार घेता येत नाही. जमीन भोगवटादार वर्ग दोनची, परवानगीशिवाय विकता येत नाही हे खरे. पण परवानगी न घेता कागदावर सह्या करून घेणारे मी रोज पाहतो. वारस नोंद तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची असते. येथे ती द्यायला कुणाला सवड झाली नाही, कारण प्रत्येक वेळी घरात कुणीतरी आजारी होते. वाटणीला सगळ्यांची संमती असेल तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे काम होते, नसेल तर दिवाणी न्यायालय. त्यासाठी वकील महिलेला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला १९८७ च्या कायद्याने मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आणखी एक. नवऱ्याच्या हयातीतच त्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सातबारावर लावण्याची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेत १९९२ पासून आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांनी तो अर्ज केला? मी केला २०२१ साली. त्याआधी दहा वर्षे तो इतरांना भरून देत होतो!

याच वस्तीतल्या विहार समितीच्या एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांनी मला सांगितले, "त्या बाई रविवारच्या वंदनेला कधीच येत नाहीत. चळवळीचे वावडे आहे." मी विचारले, तुम्ही त्यांच्याकडे कधी गेलात? उत्तर आले नाही. रमाईची जयंती आपण ७ फेब्रुवारीला थाटात करतो. रमाईच्या गोवऱ्यांवर गाणी म्हणतो, चार लेकरे गमावलेल्या त्या माउलीसाठी डोळे पुसतो. आणि चार घरे पलीकडे एक बाई आजारी लेकराच्या उशाशी बसून रात्र काढते, ती आपल्याला चळवळीबाहेरची वाटते. बाबासाहेब शेवटची वर्षे मधुमेहाने आणि नसांच्या दुखण्याने जर्जर होते. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या माईसाहेबांवर संशय घेण्यात आपण किती वर्षे घालवली? भगवान बुद्धांनी दुर्लक्षित पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदाबरोबर स्वतःच्या हातांनी धुतले आणि बाकीच्या भिक्खूंना तुम्ही त्याला का पाहिले नाही म्हणून विचारले, हे विनयपिटकात आहे. विहारात त्यावर प्रवचनही होते.

मी भांडलो. थोडे जास्तच बोललो असेन. पण त्या समितीतल्या बायकांनी ऐकले. त्यांनी वस्तीतल्या सिकलसेलच्या घरांची यादी केली, अकरा निघाली. दवाखान्याच्या तारखा विहाराच्या फळ्यावर लिहिल्या जाऊ लागल्या. वर्गणीतून रात्रीच्या ऑटोसाठी थोडे पैसे बाजूला निघाले, यावरून पुरुष मंडळींत कुरबूर झाली, कारण ते पैसे डीजेचे होते. आणि यंदा जुलैत ठरले की ताईंची रोवणी एका दिवसात उरकायची, मुलाला बांधीत पाऊल टाकू द्यायचे नाही.

रविवार होता. सकाळी त्रिशरण-पंचशील बांधावरच झाले. नऊ बाया, ताईंची मुलगी आणि मी. मुलगा सासूजवळ ओट्यावर बसून सगळ्यांना पाण्याचे लोटे भरून देत होता आणि स्वतःही पीत होता. कोण आधी थकते यावर त्याने पैज लावली होती, ती तो दहा वाजताच जिंकला. माझी कंबर धरली. तरी संध्याकाळपर्यंत बांध्या झाल्या, गेल्या वर्षी पडीक राहिलेल्या तीनही.

फेरफाराला दिराने हरकत घेतली आहे, पुढच्या महिन्यात मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे. तारखेचे सांगायला फोन केला तेव्हा सासूबाईंनी उचलला. म्हणाल्या, नातू शाळेत गेला आहे, सून बांधीत आहे. तुम्ही लावलेली ओळ वाकडी होती, ती उपटून तिने काल पुन्हा लावली.