‘फियाट’ म्हणजे नेमकी कोणती?

पुणे–सोलापूर महामार्गावरील डाळज हे गाव ज्या इंदापूर तालुक्यात येते, त्याच तालुक्यात नीरेच्या खोऱ्यात वालचंदनगर वसले आहे. ही वसाहत ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद होत. साखर, जहाज आणि विमान या उद्योगांबरोबरच त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ‘फियाट’ असंख्य पेढ्यांच्या आणि बंगल्यांच्या दारात उभी राहिली.

मात्र एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाडीच्या आवृत्त्या अनेक आहेत. पन्नाशीच्या दशकातील पहिली फियाट ११०० तिच्या गोलसर अंगामुळे महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबाला असल्याने ती दारे उलटी उघडत. तिच्यामागून एलिगंट, सिलेक्ट आणि सुपर सिलेक्ट या आवृत्त्या क्रमाने आल्या. १९६४ साली आलेल्या ‘डिलाइट’ने मात्र रूप पालटले. अंग चौकोनी झाले, काचा मोठ्या झाल्या. इंजिन १०८९ सीसीचेच राहिले.

यानंतर गाडी फारशी बदलली नाही. बदलली ती नावे. इटलीच्या फियाट कंपनीशी असलेला करार संपल्यावर, सत्तरच्या दशकाच्या आरंभी हीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. लोकांनी तिला फियाट म्हणणे सोडले नाही. स्टिअरिंगला जोडलेला गिअरचा दांडा आणि पुढे सलग बाकासारखी बैठक ही या गाडीची जुनी खूण होय. नव्वदच्या दशकातील एस-१ आवृत्तीत गिअर खाली आला आणि पुढच्या बैठका स्वतंत्र झाल्या. त्याच दशकात १३७-डी ही डिझेल आवृत्तीही निघाली.

हा फरक जाणणे केवळ हौसेचे नाही. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चासी, सांगाडा अथवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही त्यातील अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून मुदत १० वर्षांची आहे. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वा व्यापारी वापरासाठी नाही.

म्हणूनच वडिलार्जित गाडी विकताना किंवा दुसऱ्याची घेताना मालाप्रमाणेच गाडीचीही पारख हवी. नोंदणीपुस्तक १९६८ सालचे असेल आणि गाडीवर ‘पद्मिनी’ ही अक्षरे असतील, तर मेळ बसत नाही. एक तर नाव मागाहून लावलेले असावे, नाही तर कागद दुसऱ्याच गाडीचे असावेत. जुन्या पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवलेले असेल, तर मूळ स्वरूपाची अटच मोडते. नामफलक, दिवे, बंपर या वस्तू सहज बदलतात. त्यांच्यावरून निर्णय करू नये. दारांची ठेवण, सांगाड्याचा आकार आणि गिअरची जागा आधी पाहावी. मग इंजिन व चासीचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अंक-अंक जुळवावेत. क्रमांक खरवडलेला किंवा नव्याने ठोकलेला दिसला, तर सौदा तेथेच थांबवणे शहाणपणाचे.

मुंबईतील अखेरची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. त्यानंतर जुन्या फियाटींविषयीचे आकर्षण वाढले, तशी अर्धवट माहितीवर किंमत सांगण्याची वृत्तीही वाढू शकते. विकणाऱ्याने कोणता भाग मूळचा आणि कोणता बदललेला, हे लेखी द्यावे. घेणाऱ्याने ते मागून घ्यावे. एका कागदाने दोघांचीही पत राखली जाते.