सगळ्यांची मिळून एक वही

वहीच्या पानावर ओळीनं सात वेळा १ लिहा. ११,११,१११. आता या संख्येचे अवयव पाडा बघू!

शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ७, म्हणून ३ सुद्धा बाद. मग ७, ११, १३, १७... एकेका मूळ संख्येनं भागत चला. कंटाळा येईल, पण मध्येच सोडू नका. पहिल्या ५१ मूळ संख्यांनी भागलं तरी दर वेळी काहीतरी बाकी उरतेच. मग येते बावन्नावी, २३९. तिनं भागलं की बाकी शून्य! भागाकार ४६४९, आणि तोही मूळच.

आता उलटं करा. २३९ गुणिले ४६४९. दोन मिनिटांत ११,११,१११ समोर हजर. शोधायला अख्खी दुपार गेली आणि तपासायला दोन मिनिटं पुरली! मला ही गणितातली फार सुंदर गोष्ट वाटते. आज ज्या वहीबद्दल सांगणार आहे, ती सगळी याच गोष्टीच्या जिवावर चालते.

त्याआधी एका फळ्याची गोष्ट ऐका. २ ला २ नं गुणत गुणत ६७ वा घात काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा. येतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंक! ही संख्या मूळ नाही, हे फ्रान्सच्या एदुआर लुका यांनी १८७६ मध्ये दाखवलं, तेही तिचा एकही अवयव न शोधता. म्हणजे डब्यात लाडू आहेत हे कळलं, पण झाकण काही उघडेना. १९०३ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांची सभा भरली होती. फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एका बाजूला त्यांनी ती एकवीस अंकी संख्या काढून दाखवली. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ असा गुणाकार मांडला आणि सावकाश पुरा केला. दोन्हीकडे तेच उत्तर! कोल एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला, असं सांगतात. याला किती वेळ लागला, असं पुढे कुणीतरी त्यांना विचारलं. तीन वर्षांतले रविवार, असं त्यांचं उत्तर होतं म्हणे.

आज साधा संगणक हेच काम डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो. पण संख्येचे अंक वाढत गेले की त्यालाही घाम फुटतो. एकानं महिनोन् महिने खपून अवयव पाडले आणि कुणाला सांगितलंच नाही, तर दुसरा पुन्हा तेवढेच महिने घालवणार. म्हणून एक सामायिक वही हवी.

अशी वही करायची धडपड फार जुनी आहे. व्हिएन्नाचे शिक्षक आंटोन फेल्केल यांनी १७७६ मध्ये ४,०८,००० पर्यंतच्या संख्यांच्या अवयवांचा तक्ता सरकारी खर्चानं छापला. गिऱ्हाइकं मिळाली नाहीत, म्हणून बहुतेक प्रती तुर्कांबरोबरच्या लढाईत बंदुकीच्या काडतुसांचा कागद म्हणून वापरल्या गेल्या. वाचून मला खरंच वाईट वाटलं. प्रागच्या याकोब कुलिक यांनी तर वीस वर्षं खपून दहा कोटींच्याही पुढे मजल मारली. सगळं हातानं लिहिलेलं, आठ खंड. त्यातला दुसरा खंड हरवला. एकाच प्रतीत सगळं ठेवलं की असं होतं.

मग अॅलन कनिंगहॅम आले. जन्म दिल्लीचा, रुरकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवलेले लष्करी अधिकारी. त्यांनी आणि वुडॉल यांनी मिळून १९२५ मध्ये २, ३, ५, ६, ७, १०, ११ आणि १२ यांच्या घातांत १ मिळवून किंवा वजा करून होणाऱ्या संख्यांचे तक्ते छापले. (४, ८ आणि ९ का वगळले असतील? विचार करा, गंमत आहे.) त्या तक्त्यांतल्या रिकाम्या जागा जगभरचे लोक अजून भरताहेत.

आता इंटरनेटवर 'फॅक्टरडीबी' नावाची वही आहे. संख्या टाकली की तिची स्थिती दिसते. पूर्ण फुटली, थोडी फुटली, की मूळ नाही एवढंच ठाऊक आहे आणि अवयव एकही नाही. तुम्हाला नवा अवयव सापडला तर पाठवायचा. पाठवणारा सातवीतला आहे की प्राध्यापक, याची चौकशी करायचं कारणच नाही. वही नुसता भागाकार करते. बाकी उरली तर नोंद बाद, नाही उरली तर पक्की! सापडलेला अवयव मूळ आहे का, हे वेगळं तपासावं लागतं, पण तेही अवयव पाडण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

शिवाय एकाचं काम दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. चौदा एकांची संख्या घ्या. ती म्हणजे ११,११,१११ गुणिले १,००,००,००१. सात एकांसाठी तुम्ही राबलात, त्यामुळे २३९ आणि ४६४९ इथे फुकट मिळाले! उरलेल्या तुकड्याचे ११ आणि ९,०९,०९१ असे दोन मूळ अवयव, की चौदा एक पुरते फुटले.

तेरा एकांचे मूळ अवयव सांगून ठेवतो: ५३, ७९ आणि २६,५३,७१,६५३. गुणून बघा. कागद मात्र आडवा घ्या, उभ्या पानावर अंक मावत नाहीत.