ताटाच्या डाव्या बाजूची चिमूट

चमचाभर सब्जा वाटीभर पाण्यात टाकावा आणि नुसतं बघत बसावं. कोरडा दाणा तिळाहून बारीक, काळा कुळकुळीत. मिनिटभरात त्याच्याभोवती धुरकट, निळसर झालर उमटते. दहा मिनिटांनी पाहिलं तर वाटीत पाणी जवळजवळ उरलेलंच नसतं. प्रत्येक बी आपापला जेलीचा गोळा घेऊन बसलेली असते. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या कॅम्पातला फालुदा पिताना हेच आपण गटागट गिळतो. त्यात चाललेला चमत्कार बघायला तेवढी सवड कुणाला असते?

या बीच्या सालाच्या सगळ्यात बाहेरच्या पेशींत चिकट शर्करांच्या लांबच लांब साखळ्या वाळवून, ठासून भरलेल्या असतात. पाणी लागताच त्या फुगतात, पेशीची भिंत फोडून बाहेर येतात आणि दाण्याला लपेटून बसतात. झाडाचा यात सरळ स्वार्थ आहे. बी मातीला चिकटते, वाऱ्यापावसाने वाहून जात नाही आणि कोंब फुटेपर्यंत ओलावा धरून ठेवते. मातीसाठी केलेली ही सोय आपल्या पोटातही चालते. हा बुळबुळीत लगदा पचत नाही. जेवण दाट करतो, जठरातून ते सावकाश पुढे सरकतं, साखर रक्तात दमादमाने उतरते आणि भूक लवकर लागत नाही. शिवाय जागा व्यापणाऱ्या त्या पाण्यात उष्मांक शून्य.

याहून थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. सब्जा तुळशीच्या कुळातला. अळीव मोहरीच्या कुळातला. जवस या दोघांशी दूरचंही नातं न सांगणारा. तरी तिघांनी हीच युक्ती आपापली शोधून काढली. घरातल्या आज्यांनीही प्रत्येक बीची वेगळी किल्ली शोधून ठेवली. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवायचे, टम्म फुगले की खोबरं आणि गूळ घालून आटवायचे आणि बाळंतिणीला लाडू द्यायचे.

जवसाला मात्र भिजवणं पुरत नाही. त्याचं साल इतकं गुळगुळीत आणि चिवट, की अख्खा दाणा पोटातून बराचसा जसाच्या तसा बाहेर पडतो. आतलं तेल, प्रथिनं सगळं तसंच सीलबंद. म्हणून तो कढईत तडतडेपर्यंत भाजायचा, मग लसूण, लाल तिखट, मीठ घालून त्याची चटणी कुटायची. कुटल्याने साल फुटतं. भाजल्याने खमंगपणा तर येतोच, शिवाय कच्च्या जवसात अगदी अल्प प्रमाणात असलेली, सायनाइड सोडणारी द्रव्यंही कमी होतात.

जवसाची ही ओळख किती जुनी? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी चांडोली आहे. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचं उत्खनन डेक्कन कॉलेजने केलं आणि त्याचा अहवाल १९६५ साली आला. तिथे सापडलेल्या तांब्याच्या मण्यांत दोऱ्याचे अंश टिकून होते. तांब्याच्या क्षारांनी ते कुजू दिले नव्हते. तपासणीत तो दोरा जवसाच्या खोडापासून काढलेला निघाला. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांच्या हाती जवसाचा दोरा होता. बियांचं ते काय करत, हे मणी सांगत नाहीत. पण हाताशी असलेली तेलबी कुणी टाकून दिली असेल, असं मला तरी वाटत नाही.

शंभर ग्रॅम जवसात साधारण चाळीस ग्रॅम तेल असतं आणि त्यातलं निम्म्याहून अधिक ओमेगा-३ गटातलं आम्ल. मासे न खाणाऱ्या घरांना ही मोठीच सोय. मात्र आपलं शरीर त्यातला फार थोडा भाग माशांत आढळणाऱ्या रूपात बदलू शकतं. कोंबडी या कामात आपल्यापेक्षा हुशार. तिला जवस खाऊ घातला की अंड्याच्या बलकात ते तयार रूप उतरतं. धनकवडीच्या भारती विद्यापीठातल्या संशोधकांनी जवसावर आणि अशा अंड्यांवर काम केलं आहे.

आता हिशेब. चमचाभर, म्हणजे दहाएक ग्रॅम जवसाच्या चटणीत तंतू तीन ग्रॅमच्या आतबाहेर. एवढ्याने कुणी सडपातळ होत नाही. पण ज्वारीच्या भाकरीबरोबर रोज जवस, कारळं, तीळ आलटून पालटून पडले तर फरक पडतो. कारळं आणि तीळ फुगत नाहीत. त्यांचं काम तेलाचं. तेल लहान आतड्यात पोचलं, की तिथून सुटणारं संप्रेरक मेंदूला ‘पुरे’ असा निरोप धाडतं. तेल आलं म्हणजे उष्मांकही आले, तेव्हा वाटीभर चटणी खाणं हा काही आहार नव्हे.

हल्ली कोथरूड-बाणेरच्या दुकानांत चिया चकचकीत पाकिटांत मिळतो. मूळचा मेक्सिकोकडचा, तोही तुळशीच्याच कुळातला. वाईट मुळीच नाही, पण सब्ज्याचा भाव विचारून मग ठरवावं. आणि दोन्ही भिजवूनच खावेत. अमेरिकेत एकाने चमचाभर कोरडा चिया तोंडात टाकून वर पाणी प्यायलं. बी अन्ननलिकेतच फुगली आणि वाट बंद झाली. २०१४ साली डॉक्टरांनी त्यांच्या परिषदेत ही हकिकत मांडली. तो गोळा काढायला दुर्बीण घालावी लागली होती.

जवसाची चटणी मात्र थोडीथोडीच करावी. कुटलेल्या जवसाचं तेल हवेने लवकर खवट होतं.