दिव्याखालच्या टबातील पाणभुंगेरे



वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात, हे आता कोणास नव्याने सांगावे लागत नाही. दिवेलागणीला ते बाभळी-कडुनिंबावर जमतात. आपण फांद्या हलवून ते पाडतो, नाहीतर बांधावर दिवा लावून खाली पाण्याचा टब ठेवतो. पूर्वी त्या पाण्यात रॉकेल टाकत असू, आता ते मिळेनासे झाल्यापासून बरेच जण डिझेल टाकतात. सकाळी टबात काय सापडले ते पाहात आम्ही शेतकी खात्याची माणसे गावोगाव फिरतो. जेऊर गटात आणि विशेषतः चिखलठाण, कुगाव या उजनीच्या फुगवट्याकाठच्या शिवारात ह्या टबांत हुमणीबरोबर दुसरेही किडे हमखास पडलेले असतात. काळे-तपकिरी, तेल लावल्यासारखे गुळगुळीत, होडीच्या आकाराचे. काही ज्वारीच्या दाण्याएवढे, तर काही चिंचोक्याहून मोठे.

"साहेब, ही हुमणीची पिल्लं का?" असे आम्हास दरसाल कोणीतरी विचारते. तर नाही. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी की, भुंगेरा झालेला किडा पुढे वाढत नाही. त्याची सारी वाढ अळीच्या अवस्थेत होऊन गेलेली असते. त्यामुळे लहान भुंगेरा म्हणजे मोठ्याचे पिल्लू नव्हे, तो जन्माने निराळाच. टबातले हे गुळगुळीत किडे म्हणजे पाणभुंगेरे. त्यांचा उसाशी काही संबंध नाही. ना ते मूळ खातात, ना पान.

ओळखायचे कसे? हुमणीच्या भुंगेऱ्याच्या मिशीचे टोक पंख्यासारखे उलगडते आणि पाय माती उकरायला खरबरीत, काटेरी असतात. पाणभुंगेऱ्याचे मागचे पाय चपटे असून त्यांना केसांची झालर असते, म्हणजे वल्हीच म्हणा ना. जमिनीवर ठेवला तर धड चालता येत नाही, नुसता धडपडतो. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन एक जिवंत किडा सोडा आणि पाहा. दोन्ही मागचे पाय एकदम मारत सरळ खाली बुडाला, आणि थोड्या वेळाने शेपटीकडचे टोक वर काढून हवा घेतली, तर तो शिकारी पाणभुंगेरा. शास्त्रात त्याचे कुल डायटिसिडी. पाय आळीपाळीने मारत, चालल्यासारखा पोहला आणि हवा घ्यायला डोके वर काढले, तर तो दुसऱ्या कुलातला, हायड्रोफिलिडी. ह्याच्या पोटाखाली हवेचा थर चांदीसारखा चमकतो. पोराबाळांना दाखवायला हा खेळ चांगला आहे, आणि मोठ्यांनीही पाहायला हरकत नाही.

दिव्यावर ते का येतात, हेही सांगून टाकतो. डबके आटू लागले की हे किडे रात्री उडून दुसरे पाणी शोधतात. पाण्यावरून परतणाऱ्या प्रकाशाची एक विशिष्ट चमक त्यांना कळते. मोटारीचे टप, शेततळ्याचा कागद, डाळिंबाखालचा काळा मल्चिंग पेपर, हे सारे त्यांना पाणीच वाटते. उतरल्यावर फसगत कळते. दिवा दिसला की त्याकडेही वळतात आणि खालच्या टबात पडतात.

आता मूळ विषयाकडे येतो. अशा लहान पाणभुंगेऱ्यांची अगदी नवी प्रजाती सापडली, अशी बातमी अधूनमधून वाचनात येते. नवी प्रजाती म्हणजे काय, हे उसावरूनच समजून घेऊ. को ८६०३२ हा झाला वाण. माणसाने तयार केलेला. आपण त्याला 'जात' म्हणतो, परंतु शास्त्रातली जाती त्याच्या वरची. जाड, रसाळ उसाची जाती सॅकॅरम ऑफिसिनॅरम, आणि नदीच्या पात्रात माजणाऱ्या कास गवताची जाती सॅकॅरम स्पॉन्टेनियम. ह्या दोन्ही जाती ज्या एका गोतात मोडतात ती सॅकॅरम ही प्रजाती. जाती म्हणजे एक घर धरले, तर प्रजाती म्हणजे भावकी, आणि कुल म्हणजे अख्खे गाव. नवी जाती सापडणे म्हणजे ओळखीच्या भावकीत एक नवे घर कळणे. नवी प्रजाती सापडणे म्हणजे गावात एक अशी भावकी राहते आहे की जिची दप्तरात नोंदच नाही!

'असल्या नोंदी करून कोणाचं पोट भरतं?' असे मनात आले असेल तर कास गवताचेच उदाहरण घ्या. कोइमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले. तेथे बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड उसाचा ह्या रानगवताशी संकर केला. त्यातून को २०५ हा वाण १९१८ साली लागवडीस आला. आज तुमच्या-आमच्या रानात उभ्या असलेल्या उसाच्या अंगात त्या रानगवताचे रक्त आहे, काटकपणा त्याचाच. ज्यास कोणी तण म्हणूनही विचारीत नव्हते, त्याची ओळख कोणीतरी आधी पटवून ठेवली होती म्हणून हे घडले. पाणभुंगेऱ्यापासून साखर निघणार नाही हे आम्हीही जाणतो, परंतु ओळख पटवून ठेवण्याचे काम तेच.

तर ही नवी भावकी कशी सापडते? दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन हे मोठे शहर. त्याच्या लगतच्या पाणथळ जागेत थोडे पाणभुंगेरे मिळाले. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. डेव्हिड बिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले, तेव्हा ते कोणत्याही माहीत असलेल्या प्रजातीत बसेनात. २०१५ साली त्यांनी ह्या किड्यासाठी कॅपेलेटस ही नवी प्रजाती प्रसिद्ध केली. आनुवंशिक तपासणीत आढळले की, ह्याचे जवळचे भाऊबंद युरोपच्या बाजूला आणि न्यू गिनी-ऑस्ट्रेलियाकडे आहेत, आणि त्यांच्यापासून हा सुमारे तीन ते चार कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला आहे. म्हणजे वाटणी होऊन इतका काळ लोटला, भावकीतले हे एकच घर उरले, आणि तेही शहराच्या कडेच्या थोड्याशा पाण्यावर. तेवढी जागा कोणी भराव टाकून बुजवली असती, तर असा जीव होता हेसुद्धा कळले नसते. ही गोष्ट आम्हास फार लागते.

दुसरे उदाहरण विहीरवाल्यांसाठी. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा कोरडा, पावसाची मारामार असलेला मुलूख. तेथे जमिनीखाली चुनखडीच्या थरांत पाणी आहे. मेंढपाळांच्या जुन्या विहिरी आणि खाणीच्या शोधासाठी घेतलेली बोअरे, ह्यांत बारीक जाळी सोडून तेथल्या संशोधकांनी पाणी चाळले. त्यात आंधळे, फिक्या रंगाचे, उडायचे पंख नसलेले पाणभुंगेरे निघाले! काही मिलिमीटर लांबीचे. वॉट्स आणि हम्फ्रीज यांनी १९९९ साली एकाच लेखात ह्यांतील तीन नव्या प्रजाती नोंदवल्या. पुढे अशा डझनावारी जाती मिळाल्या, आणि बहुतेक जाती आपापल्या एकाच भूजलसाठ्यापुरत्या. त्या साठ्याचे पाणी उपसून संपवले की ती जातही संपली. आपली जमीन काळ्या पाषाणाची, तेथली चुनखडीची, तेव्हा हिशेब तोच लागू करता येणार नाही. पण बोअरचे पाणी म्हणजे नुसते पाणी, ही समजूत मात्र आता धरता येत नाही.

हे झाले लांबचे. आपल्या महाराष्ट्रातही हे काम चालू आहे, आणि ते पुण्यात. मॉडर्न कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातील डॉ. हेमंत घाटे व सायली शेठ यांनी प्राग येथील संग्रहालयाचे यिर्झी हाएक यांच्याबरोबर महाराष्ट्रातील कोपेलेटस ह्या प्रजातीच्या पाणभुंगेऱ्यांचा अभ्यास करून २०१८ साली तीन अगदी नव्या जाती प्रसिद्ध केल्या. प्रजाती जुनी, घरे नवी. कोपेलेटस आणि वर सांगितलेला केप टाऊनचा कॅपेलेटस एकाच उपकुलातले. जगभर ह्या कोपेलेटसच्या चारशेहून अधिक जाती आहेत, आणि त्या इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या नजरेने दोन जाती वेगळ्या सांगणे कठीण. पाठीच्या कवचावर उभ्या बारीक रेघा असतात, त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. मग नराच्या पोटातील जननेंद्रियाचा कठीण भाग सोडवून त्याचा आकार तपासायचा, कारण जातीचा खरा शिक्का तेथे असतो. जुन्या संग्रहालयांतून शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे टाचणीला लावलेले किडे मागवून त्यांच्याशी ताडून पाहायचे. एवढे झाल्यावर नाव द्यायचे, आणि ज्या किड्यावरून नाव दिले तो कायमचा जपून ठेवायचा. आमच्या खात्यात उसाची नोंद करताना गट नंबर, लागणीची तारीख, वाण लिहितात, तशीच ही नोंद. फक्त इथे खाडाखोड चालत नाही.

आता आपल्या कामाचे. शिकारी पाणभुंगेऱ्याची अळी मोठी खादाड असते. तिचे जबडे कोयत्यासारखे वाकडे आणि आतून पोकळ. भक्ष्यात ते रुतवून पाचक रस सोडते आणि विरघळलेले शोषून घेते. डासांच्या अळ्या हे तिचे आवडते खाणे. जनावरांच्या हौदात, पाटाच्या कडेला साचलेल्या पाण्यात ती फुकट राबते. मात्र सर्वांनाच हा किडा गोड लागेल असे नाही. मत्स्यबीजाच्या तळ्यात मोठा पाणभुंगेरा शिरला तर लहान पिलांवर हात मारतो, तेथे त्याचा बंदोबस्त करावाच लागतो. शिवाय हा किडा वरची हवा घेऊन जगत असल्याने, मासे तग धरणार नाहीत अशा पाण्यातही तो दिसू शकतो. म्हणून 'पाणभुंगेरे आहेत, म्हणजे पाणी चांगले' असा दाखला कोणी देऊ नये, आपल्या कारखान्यानेही नाही.

हुमणीची मोहीम थांबवा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हुमणीने बसवलेला फड आम्ही पाहिलेला आहे. परंतु दिव्यापेक्षा झाडावरचे भुंगेरे पाडण्यावर भर द्या, कारण बाभळीवर पाणभुंगेरा बसत नाही, पडेल ती हुमणीच. दिवा लावायचाच तर भुंगेरे उडतात तेवढा संध्याकाळचा वेळ लावावा. रात्रभर जळत ठेवल्याने हुमणी वाढीव सापडते असे नाही, इतर किडे मात्र पडत राहतात. दिवा विहीर, शेततळे, ओढा यांपासून लांब ठेवावा. फवारणीचे पंप ओढ्यात नाहीतर विहिरीच्या थारोळ्यात धुण्याची सवय सोडावी. पंप धुतल्याचे पाणी पडीक जागेत, पाण्यापासून दूर ओतावे. ह्यात खर्च कसलाच नाही.

आपल्या भागातील टबांत पडलेले हे किडे कोणा जाणकाराने अजून पाहिलेले नाहीत. यंदा ते पाठवावेत असे आम्ही ठरवले आहे. ज्यांना हौस असेल त्यांनी टबातील गुळगुळीत, झालरीच्या पायांचे किडे वेगळे काढावेत. लहान असतील ते आधी घ्यावेत, कारण मोठे ओळखायला सोपे असतात. झाकणाच्या छोट्या बाटल्या आणि स्पिरिट गट ऑफिसात ठेवलेले आहे. प्रत्येक बाटलीत कागदाची चिठ्ठी टाकावी. तीवर गाव, तारीख आणि दिवा कोठे लावला होता (विहिरीजवळ, फुगवट्याकाठी, माळावर) एवढे लिहावे. चिठ्ठी शिसपेन्सिलीनेच लिहावी, पेनाची शाई स्पिरिटमध्ये पसरते. बाटल्या चिटबॉयकडे दिल्या तरी चालतील. महिनाअखेरीस आम्ही त्या एकत्र करून कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाकडे देऊ, आणि तेथून जे कळेल ते गाववार याच पानावर छापू.